वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यातली ओल आणि बेताचा खर्च

तरणा आणि म्हातारा पाऊस सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय दरवर्षी एकच असतो, तो म्हणजे ओल. यंदा कोल्हापूर शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ भाग दिला आहे. बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आढळली. रंगाऱ्याने किंवा गवंड्याने खर्चाचा आकडा सांगून टाकलेला आहे, परंतु भिंतीत पाणी येते कोठून, हे कोणीच तपासलेले नाही. त्यामुळे प्रत्येक उत्तरात आधी त्या तपासणीविषयी आणि मग खर्चाविषयी लिहिले आहे.

प्रश्न (राजारामपुरी) : आमची सदनिका दुसऱ्या मजल्यावर असून वर आणखी एक मजला आहे, त्यामुळे गच्चीची गळती संभवत नाही. तरीही जुलैपासून झोपण्याच्या खोलीतील उत्तरेकडच्या भिंतीवर, कपाटाच्या मागे आणि छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके येतात, कपड्यांना कुबट वास लागतो आणि काही दिवशी सकाळी खिडकीच्या काचेवर आतून पाणी दिसते. भिंतीचे पोपडे मात्र निघालेले नाहीत. रंगाऱ्याने आतून वॉटरप्रूफ रंग देण्याचे अठरा हजार रुपये सांगितले आहेत. घरात आम्ही चार माणसे असून सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. हा खर्च करावा का?

उत्तर : हा खर्च सध्या करू नये. आपण दिलेले तपशील पुरेसे बोलके आहेत. ठिपके भिंतभर नसून कोपऱ्यात आणि कपाटामागे आहेत, रंगाचे पोपडे सुटलेले नाहीत आणि काचेला आतल्या बाजूने पाणी सुटते. ही सर्व लक्षणे बाहेरून झिरपणाऱ्या पाण्याची नसून घरातल्या हवेत साठलेल्या बाष्पाची आहेत. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, त्यातलाच हा प्रकार आहे. हवेचे तापमान २६ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर सुमारे २३ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमू लागते. बुरशीला तर थेंबांचीही गरज नसते. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस टिकली, तरी तिचे भागते. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी लागते, आणि कपाटामागे खोलीतली ऊबदार हवा पोहोचत नाही. म्हणून ठिपके नेमके तेथेच येतात.

खात्री करून घेण्याचा एक जवळजवळ फुकटचा उपाय आहे. हातभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा ठिपक्यांच्या शेजारी स्वच्छ जागी भिंतीवर ठेवावा, त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि तो दोन दिवस तसाच राहू द्यावा. खोलीकडची बाजू ओलसर झाली, तर पाणी हवेतले आहे. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले, तर ते भिंतीतून येत आहे. दोन्ही बाजू कोरड्या राहिल्या, तर भिंत आतून कोरडी आहे एवढे तरी निश्चित होते, आणि आपल्या बाबतीत तेच जाणून घ्यायचे आहे. छताच्या कोपऱ्याचीही एक वेगळी शंका फेडून घ्यावी. त्याच्या बरोबर वर वरच्या मजल्याचे न्हाणीघर येत असेल आणि डाग पिवळसर, गोलाकार व उन्हाळ्यातही ओला राहणारा असेल, तर तो नळाचा किंवा ड्रेनेजचा पाझर आहे. त्याविषयी शेजाऱ्यांशी बोलावे लागेल.

आता हे बाष्प येते कोठून, याचा हिशेब मांडू. दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली घेतली, तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा असते. २५ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प धरू शकते. म्हणजे खोलीतल्या सगळ्या हवेत मिळून पाऊण लिटरच्या आसपासच पाणी मावते. पावसाळ्यात ही हवा आधीच ऐंशी-पंच्याऐंशी टक्के भरलेली असते, त्यामुळे उरलेली जागा शे-दीडशे ग्रॅमची. आणि त्याच खोलीत दोरी बांधून आपण चार माणसांचे हाताने पिळलेले कपडे पंख्याखाली वाळवतो. त्या कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी सहज असते. पंख्याने कपडे वाळतात हे खरे, पण पाणी खोलीबाहेर जात नाही. कपड्यांतून निघून ते भिंतीवर, गादीत आणि कपाटात जाऊन बसते. याखेरीज स्वयंपाकाचा गॅस जळतानाही पाणी तयार होते. एका किलो गॅसमागे दीड किलोहून थोडी अधिक वाफ निघते, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत घरात सुमारे २२ लिटर पाणी सोडले जाते. सिलिंडर महिनाभर पुरत असेल, तर हे प्रमाण रोज पाऊण लिटरच्या घरात जाते. भाताची आणि आमटीची वाफ त्याहून वेगळी. झोपलेले माणूसही रात्रभरात श्वास आणि घाम मिळून पाव लिटरहून अधिक बाष्प सोडते.

यावरून कोणता उपाय आधी करायचा ते कळते. सर्वप्रथम कपड्यांची दोरी झोपण्याच्या खोलीतून काढावी. बाल्कनी असेल तर तिच्या पावसाच्या बाजूला प्लास्टिकचा कागद बांधून दोरी तेथे न्यावी. बाल्कनी नसेल, तर खिडकी असलेल्या एकाच खोलीत कपडे वाळवावेत, त्या खोलीचे घरात उघडणारे दार लावून घ्यावे आणि खिडकी उघडी ठेवावी. सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल, तर कपडे ड्रायरमधून एकाऐवजी दोनदा फिरवावेत. यंत्राने काढलेले पाणी थेट मोरीत जाते आणि त्याला विजेचा खर्च फारच थोडा येतो. कोळशाच्या शेगडीवर टोपली उपडी घालून कपडे वाळवण्याची जुनी पद्धत मोकळ्या सोप्यात ठीक होती. बंद सदनिकेत ती जिवावर बेतू शकते, म्हणून तिचा विचारही करू नये.

दुसरा उपाय न्हाणीघराचा. हजार-दीड हजार रुपयांत मिळणारा छोटा एक्झॉस्ट पंखा बसवावा, आंघोळ झाल्यावर न्हाणीघराचे दार लावून घ्यावे आणि पंखा अर्धा तास चालू ठेवावा. चाळीस वॅटचा पंखा रोज तासभर चालवला, तरी महिन्याला एका युनिटपेक्षा किंचित अधिक वीज लागते. पंख्याला आत येणारी हवा मिळावी म्हणून दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट असू द्यावी. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत असेल, तर ओलीचा प्रश्न दुय्यम ठरतो. तो बाहेरच्या मोकळ्या हवेत हलवावा, कारण बंद जागेत त्यातून निघणारा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही.

खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद, यावरून पावसाळ्यात घरोघरी वाद होतात, आणि दोन्ही पक्षांचे थोडे थोडे खरे असते. बाहेर २३ अंश तापमान असून हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी ती घरात येऊन २७ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ८० टक्क्यांवर येते. म्हणजे मुसळधार पावसाच्या दिवसांत खिडक्या उघडून घर खडखडीत कोरडे होणार नाही. परंतु आत स्वयंपाक, आंघोळ आणि झोप यांमुळे आर्द्रता नव्वदीच्या पुढे गेलेली असेल, तर तेवढी तरी ती खाली येईल. म्हणून दिवसभर खिडक्या सताड उघड्या टाकण्याऐवजी सकाळी उठल्यावर, स्वयंपाक चालू असताना आणि आंघोळीनंतर समोरासमोरच्या दोन खिडक्या पंधरा-वीस मिनिटे उघडाव्यात. झड आत येत असेल, तेव्हा त्या बंद ठेवाव्यात. दिवाळीनंतर मात्र हिशेब पालटतो. पहाटेची १५ अंशांची धुकट हवासुद्धा घरात येऊन २७ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. त्या दिवसांत खिडक्या जितक्या उघड्या राहतील, तितके बरे. ज्यांना अंदाजाने चालायचे नाही, त्यांनी काही शे रुपयांत मिळणारा छोटा आर्द्रतामापक भिंतीला टांगावा. काटा साठीच्या आसपास राहिला तर निश्चिंत असावे, ऐंशीच्या पुढे वारंवार गेला तर घरातले कोणते काम वाफ सोडते आहे ते शोधावे.

कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढावे. जमले तर ते बाहेरच्या भिंतीऐवजी दोन खोल्यांमधल्या भिंतीला लावावे. कपाटावर छतापर्यंत बॅगा आणि गाद्या रचलेल्या असतील, तर त्या काढाव्यात.

राहिली आताची बुरशी. ती कोरड्या ब्रशने झाडू नये, कारण तिची पूड हवेत उडते आणि दम्याच्या रुग्णाला तीच बाधते. सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बसवून, तोंडाला मास्क आणि हातात रबरी मोजे घालून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ठिपके पुसावेत. मग ब्लीचिंग पावडरच्या पातळ द्रावणाचा हात द्यावा आणि खिडक्या उघडून भिंत वाळू द्यावी. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. रंगाचा विचार भिंत महिनाभर स्वच्छ राहिल्यानंतर करावा, आणि तेव्हाही साधा रंग पुरे. आतून दिलेल्या वॉटरप्रूफ रंगाने भिंत पाणी शोषायची थांबते, परंतु हवेतले बाष्प त्याने कमी होत नाही. ते त्याच गुळगुळीत रंगावर थेंबांनी जमून खाली ओघळते, आणि एक-दोन पावसाळ्यांत त्या रंगावरही ठिपके धरतात.

प्रश्न (शनिवार पेठ) : आमचे घर जुने असून जोत्यापर्यंत काळ्या दगडाचे आणि वर वीट-मातीचे जाड बांधकाम आहे. सोप्याच्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत ओल असते आणि पांढरा लोणा सुटतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आतून सिमेंटचा गिलावा केला. दोन वर्षे भिंत छान राहिली, नंतर ओल पूर्वीपेक्षा फूटभर वर चढली. आता गवंडी चार फुटांपर्यंत टाइल्स बसवण्याचा सल्ला देत आहे.

उत्तर : टाइल्स बसवू नयेत, ही आग्रहाची विनंती आहे. ही जमिनीतून वर चढणारी ओल आहे. जुन्या घरांत जोत्यावर ओल अडवणारा थर नसतो. वीट, माती आणि चुना यांच्या बारीक छिद्रांतून जमिनीतले पाणी वर खेचले जाते, पृष्ठभागावरून वाळून जाते आणि सोबत आणलेले क्षार मागे ठेवते. तोच आपला लोणा. पाणी वर चढण्याचा वेग आणि वाळण्याचा वेग जेथे जुळतो, तेथे ओलीची रेघ थांबते. ती साधारणपणे तीन-साडेतीन फुटांच्या आत असते. मूळच्या चुन्याच्या गिलाव्यातून भिंत वाळू शकत होती. सिमेंटच्या गिलाव्याने तो मार्ग बंद केला, म्हणून पाण्याने वाळण्यासाठी वरची जागा शोधली. टाइल्स बसवल्यावर हेच पुन्हा होईल आणि ओल टाइल्सच्या वर डोके काढेल. भिंतीत मातीचा भाग असल्याने आतल्या आत तिचा पाया मऊ पडण्याचा धोकाही आहे, आणि टाइल्समागे तो दिसणार नाही.

खरे काम भिंतीच्या बाहेर आहे. आपल्या पेठांतील रस्त्यांवर आणि बोळांत वर्षानुवर्षे थरावर थर चढत गेले आहेत, त्यामुळे एके काळी दोन-तीन पायऱ्या चढून जावे लागणारी घरे आज रस्त्याच्या पातळीला आली आहेत, काही तर खाली गेली आहेत. घराबाहेर उभे राहून जोत्याचा दगड किती इंच दिसतो ते पाहावे. गल्लीतल्या काँक्रीटने किंवा आपणच घातलेल्या कोब्याने तो गाडला गेला असेल, तर पावसाचे पाणी दगडाला टेकून उभे राहते. शक्य असेल तेथे भिंतीलगतचा फूटभर रुंदीचा कोबा फोडून उथळ चर काढावा, त्यात मोठी खडी भरावी आणि त्याला गटाराकडे उतार द्यावा. चर पायाच्या तळाच्या खाली कधीही नेऊ नये. दगडाच्या जुन्या पायालगत खोल खोदणे धोक्याचे असते. पन्हळीचे पाणी भिंतीच्या बुडात पडत असेल, तर पाइप जोडून ते दूर सोडावे. परड्यातील जुन्या न्हाणीची मोरी फुटलेली असेल, तर तिची दुरुस्ती सर्वांत आधी करावी. जुन्या घरांत ओलीचे मूळ अनेकदा याच मोरीत सापडते. भिंतीला टेकून ठेवलेले पाण्याचे पिंप आणि कुंड्याही हलवाव्यात.

आतल्या बाजूने दिवाळीनंतर सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत हलक्या हाताने खरवडून काढावा. छिन्नीचे घाव जोरात घातले, तर आतली वीट सुटते. मग भिंत होळीपर्यंत उघडी ठेवावी. तोवर बाहेर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाकावा. पाण्याने तो धुतला, तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. भिंत वाळल्यावर चुन्याचा गिलावा आणि त्यावर चुन्याचा हात द्यावा. चुनकळी विझवून, गाळून, थोडा डिंक घालून दिलेला चुना स्वस्त तर पडतोच, शिवाय तो तीव्र अल्कधर्मी असल्याने बुरशीला सहसा थारा देत नाही. पूर्वी त्यात मोरचूदही घालत असत. ते विषारी असल्याने लहान मुलांचा हात पोहोचेल तेथे टाळावे. चुन्याचे काम जाणणारे गवंडी कमी झाले आहेत, परंतु जुन्या देवळांची आणि वाड्यांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे चौकशी केल्यास ते मिळतात. भिंतीत रसायन सोडून ओल अडवण्याची पद्धत हल्ली सुचवली जाते. ती सलग विटांच्या भिंतीत उपयोगी पडू शकते, परंतु दगड, माती आणि पोकळ्या यांच्या मिश्र भिंतीत रसायन सर्वत्र सारखे पसरेल याचा भरवसा देता येत नाही. त्या खर्चाच्या वाटेला मी जाणार नाही. भिंतीला फुगवटा आला असेल किंवा ती बाहेर झुकलेली दिसत असेल, तर मात्र आधी अभियंत्याला दाखवावे.

प्रश्न (उचगाव) : पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात एक थेंब गळत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे मात्र अंथरुणावर टपटप पाणी पडते. पत्र्याला भोक कोठेच सापडत नाही. याचे कारण काय?

उत्तर : भोक नाहीच, म्हणून ते सापडत नाही. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. खाली झोपलेल्या माणसांच्या श्वासातले बाष्प त्याच्या आतल्या बाजूला जमून पहाटे गळू लागते. पावसाळ्यात आकाश ढगांनी झाकलेले असल्याने पत्रा इतका थंड होत नाही. डांबर, सिलिकॉन किंवा वॉशर यांवर पैसे घालवू नयेत. खोलीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना, भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटी थंडी लागते म्हणून बंद केलेल्या असतील, तर त्या मोकळ्या कराव्यात आणि उंदीर-पाली येऊ नयेत म्हणून जाळी लावावी. त्यानेही भागले नाही, तर पत्र्याच्या सहा इंच खाली बांबूच्या तट्ट्याचे किंवा हलक्या फळ्यांचे छत बांधावे. मधली हवा दोन्ही टोकांना खेळती राहिली पाहिजे. उन्हाळ्यात त्याचा आणखी एक लाभ होईल, तो वेगळा सांगायला नको. थर्माकोल मात्र लावू नये, तो झटकन पेट घेतो.

प्रश्न (शाहूपुरी) : २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत आमच्या घरात पाणी होते. प्रत्येक वेळी पाणी ओसरल्यावर दिवाळीपूर्वी आम्ही रंग काढला. आता पूर नसला तरी दर पावसाळ्यात पुराच्या रेघेखालचा रंग फुगतो. भिंतीत अजून पुराचेच पाणी आहे का?

उत्तर : पाणी नसावे, पण पुराने मागे ठेवलेले क्षार आहेत. विटांची भिंत वाळण्याचा ढोबळ हिशेब एका इंचाला महिना असा धरतात. म्हणजे नऊ इंची भिंतीला दोन्ही बाजूंनी हवा मिळाली, तरी चार-पाच महिने लागतात, आणि त्यात आपल्याकडचे ऑगस्ट-सप्टेंबरचे दमट दिवस जमेस धरता येत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये भिजलेल्या भिंतीवर दिवाळीपूर्वी दिलेला रंग म्हणजे ओल्या भिंतीवर घातलेले झाकण होते. आतील पाणी जसजसे वाळत गेले, तसतसे त्यातील क्षार रंगामागे साठले. हे क्षार पावसाळ्याच्या दमट हवेतून ओलावा ओढून घेतात, म्हणून पूर नसतानाही तीच रेघ उमटते. सण तोंडावर असताना घर तसेच ठेवणे जिवावर येते हे समजण्यासारखे आहे, तथापि अशा वेळी रेघेखाली फक्त चुना मारावा आणि रंग पुढच्या मे महिन्यापर्यंत लांबवावा.

आता येत्या मार्चमध्ये रेघेच्या फूटभर वरपर्यंतचा गिलावा काढून टाकावा, कारण क्षार बहुतांशी त्यातच असतात. त्यावर पुन्हा रंग देणे म्हणजे खर्चाची पुनरावृत्ती होय. काढलेला गिलावा अंगणात भिंतीलगत रचून ठेवू नये, तो घराबाहेर न्यावा. स्कर्टिंगच्या टाइल्सही निघत असतील तर काढाव्यात, त्यांच्या मागे पुराचा गाळ हमखास असतो. नवा गिलावा शक्यतो चुन्याचा असावा. सिमेंटचाच करणे भाग असेल, तर तो कमी सिमेंटचा करावा आणि त्यावर ऑइलपेंट लावू नये. विजेचे बटण-बोर्ड अजूनही पुराच्या रेघेखाली असतील, तर गिलावा उघडा असतानाच ते वर घ्यावेत आणि मीटरजवळ विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बसवून घ्यावे. ओल्या भिंतीतून येणारा झटका हा रंग फुगण्यापेक्षा कितीतरी गंभीर प्रश्न आहे.

प्रश्न (नागाळा पार्क) : कपाटात वाटीभर मीठ, कोळसा किंवा कापूर ठेवल्याने ओल जाते का?

उत्तर : कापराने वास झाकला जातो, ओल जात नाही. कोळसा वास शोषतो. मीठ दमट हवेत ओलावते, पण तेवढ्याने ओल जात नाही. चुनकळीचा उपयोग होतो, पण एक किलो चुनकळी फार तर तीनशे ग्रॅम पाणी घेऊ शकते, आणि पाणी पडल्यास ती इतकी तापते की हात भाजतो. बाजारात मिळणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या डब्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असते. पैठण्या, कागदपत्रे किंवा कॅमेरा ठेवलेल्या घट्ट बंद पेटीसाठी ते चांगले, मात्र त्यात साठणारे पाणी चामड्यावर आणि धातूवर सांडू देऊ नये. खोलीसाठी यांपैकी कशाचाही उपयोग नाही, हे वर दिलेल्या कपड्यांतील पाण्याच्या हिशेबावरून लक्षात येईल.

प्रश्न (कळंबा) : आमच्या बैठ्या घराच्या स्लॅबला पंचवीस वर्षे झाली आहेत. पावसाची झड लागली की पश्चिमेच्या भिंतीला आणि त्याच बाजूच्या छताच्या कोपऱ्याला ओल येते. येत्या उन्हाळ्यात दहा हजार रुपयांपलीकडे खर्च करता येणार नाही. एका ठेकेदाराने संपूर्ण स्लॅबवर रासायनिक थर देण्यास सांगितले आहे, ते या रकमेत बसत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : संपूर्ण स्लॅबची आवश्यकता आहे असे आपल्या वर्णनावरून वाटत नाही. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो आणि ओल त्याच बाजूच्या कोपऱ्यात आहे. अशा वेळी दोष बहुधा स्लॅबच्या मधल्या भागात नसतो. तो गच्चीचा कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात, कठड्याच्या माथ्यावर किंवा पाणी उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी असतो. आताच, पाऊस चालू असताना, छतावरील डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहावी. वारा नसलेल्या सरळ पावसातही डाग वाढत असेल, तर पाणी स्लॅबमधून येते. झड असतानाच वाढत असेल, तर ते भिंतीतून किंवा कठड्यातून येते. एवढ्या निरीक्षणाने निम्मा खर्च वाचू शकतो.

स्लॅबवर पाणी कोंडून चाचणी घेण्याची पद्धत उन्हाळ्यात वापरता येते. पाइपाचे तोंड बंद करून इंचभर पाणी दोन दिवस ठेवतात. त्या पाण्याचे वजन दर चौरस मीटरला २५ किलो होते, आणि सुस्थितीतील स्लॅबला ते जड नाही. परंतु छताच्या खालच्या बाजूने काँक्रीटचे खपले पडत असतील, तांबूस डाग किंवा सळ्या दिसत असतील, तर ही चाचणी घेऊ नये आणि वॉटरप्रूफिंगचाही विचार करू नये. सळ्या गंजल्या की प्रश्न मजबुतीचा होतो, आणि दहा हजारांतील पहिले काही रुपये अभियंत्याला दाखवण्यात खर्च करावेत.

स्लॅब धडधाकट असेल, तर काम पुढील क्रमाने करावे. कठडा आणि स्लॅब यांच्या कोनातला सुटलेला गिलावा काढून तेथे सिमेंट-वाळूचा गोलाईदार वाटा नव्याने घोटून घ्यावा. या सांध्यात पाणी साचून राहिले नाही, तर अर्धी तक्रार संपते. कठड्याच्या माथ्यावर तडे असतील, तर ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे खरवडून भरावेत आणि माथ्याला गच्चीच्या बाजूने उतार द्यावा. माथा सपाट किंवा बाहेर उतरता असला, तर त्यावर पडलेले सगळे पाणी पश्चिमेच्या भिंतीवरून ओघळते. पाइपाच्या तोंडाभोवतीचा वीतभर भाग फोडून पुन्हा बसवावा. रासायनिक थर द्यायचाच, तर कठड्यालगतच्या तीन फूट पट्ट्यावर आणि वाट्यावर द्यावा. तो एप्रिल-मेमध्ये, स्लॅब पूर्ण वाळल्यावर, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर द्यावा. भर दुपारच्या तापलेल्या स्लॅबवर तो नीट धरत नाही, आणि वळवाचा पाऊस दिसत असेल त्या दिवशी देऊ नये.

मग भिंत. बाहेरच्या तड्यांना प्रथम भरून घ्यावे आणि नंतरच बाहेरचा रंग द्यावा. छज्जाच्या खालच्या बाजूला, काठाजवळ, पाणी तोडणारी बोटभर रुंदीची खाच असते. जुन्या घरांत ती रंगाच्या थरांनी बुजलेली असते आणि मग पाणी छज्जाच्या पोटाला धरून भिंतीपर्यंत येते. ती खाच खिळ्याने मोकळी करायला पैसे लागत नाहीत. रक्कम संपली आणि भिंतीचे काम राहून गेले, तर संकोच न करता पावसाळ्यापुरती पश्चिमेच्या भिंतीला ताडपत्री बांधावी, पण ती भिंतीला चिकटवू नये. बांबूच्या आधाराने वीतभर अंतर ठेवावे, म्हणजे मागून हवा जाईल. घाटाकडच्या भागात गवताच्या किंवा उसाच्या पाल्याच्या झडी भिंतीपुढे उभ्या करतात, त्यामागे हाच विचार आहे. दिसायला ताडपत्री बरी दिसत नाही हे खरे, परंतु पुढल्या वर्षी भिंत कोरडी असेल तर गिलाव्याचे काम निम्म्या कष्टात होते.

गच्चीवरच्या पाइपाच्या तोंडाला जाळी बसवली असेल, तर जूनपासून ती दर आठवड्याला हाताने साफ करावी. झाडांचा पाला आणि पतंगाचे कागद साचून जाळी बुजली, की गच्चीवर दोन-दोन इंच पाणी उभे राहते, आणि एवढे पाणी दिवसच्या दिवस टिकले तर नवा वाटाही पाझरू लागतो.